चौकात सायकल वळवताना

सायकलवाल्याला डावं वळण सोपं आणि उजवं अवघड, असं म्हणतात. मला विचाराल तर दोन्हींचा निकाल चौकाच्या आधीच लागलेला असतो, मागे बघण्यात.

१. आधी मागे बघायला शिका. मान वळली की हँडलही त्याच बाजूला जातं आणि सायकल सरळ मागच्या रिक्षापुढे. म्हणून सकाळी मोकळ्या मैदानात एक लांब रेघ आखा. तिच्यावरून जाताना उजव्या खांद्यावरून मागे बघा. मागे उभ्या मित्राने किती बोटं दाखवली ते सांगता आलं आणि चाक रेघेवरून ढळलं नाही, की जमलं. आठवडा लागेल, लागू द्या.

२. चौकाच्या पन्नासेक मीटर आधी वेग कमी करा, मागे बघा, हात दाखवा, मग सरका. हात खांद्याच्या उंचीला, पूर्ण लांब. कोपरातून हलवलेला हात मागच्याला ‘जा पुढे’ असा वाटतो. आपल्याकडे पुढचा ब्रेक बहुधा उजव्या हाताला असतो. डावा हात बाहेर असताना तो करकचून दाबला तर तोंडावर पडाल. वळताना दोन्ही हात हँडलवर.

३. डावीकडे वळताना बसच्या डाव्या बाजूने घुसू नका. बस वळते तेव्हा तिचं मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा आतून, फुटपाथला घासून जातं. तीच जागा आपल्याला मोकळी दिसते! बसच्या मागेच थांबा. सरळ जायचं असेल तर ‘फ्री लेफ्ट’च्या पट्ट्यात उभे राहू नका.

४. उजवीकडे वळायचं तर मोठ्या चौकात दोन टप्पे करा. हिरव्यावर डाव्या बाजूने सरळ चौक ओलांडा. पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात, पादचाऱ्यांची वाट न अडवता, सायकल उजवीकडे तोंड करून उभी करा. येताना डावीकडे असलेल्या, म्हणजे आता पाठीमागच्या रस्त्याला हिरवा मिळाला की त्या गाड्यांबरोबर निघा. एक सिग्नल जास्त जातो, पण मी वीस वर्षं हेच करतोय. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यासारख्या एकेरी रस्त्यावर मात्र आधीच्या चौकापासूनच हळूहळू उजवी कड धरता येते.

५. पावसात झेब्राचे पांढरे पट्टे आणि गटाराची लोखंडी झाकणं साबणासारखी होतात. त्यांच्यावरून सायकल सरळ, ब्रेक न लावता न्या. कलायचं ते पलीकडे गेल्यावर.