सापडलेल्या मजकुरावर रचना बांधताना: या चुका टाळा

औषधाच्या वेष्टनावरची सूचना, काहीतरी हरवल्याची छोटी जाहिरात, न्यायालयातल्या जबानीची प्रत, यंत्रासोबत येणारं माहितीपत्रक. कविता म्हणून कुणीही न लिहिलेला असा मजकूर उचलायचा आणि तो गायकाच्या तोंडी द्यायचा, ही समकालीन अभिजात संगीतातली वाट आता शंभर वर्षांहून जुनी आहे. दारियुस मियो या फ्रेंच रचनाकारानं १९१९ मध्ये शेतीच्या यंत्रांच्या कॅटलॉगमधली वर्णनं घेऊन एक आवाज आणि सात वाद्यांसाठी सहा गाणी रचली. हान्स आयस्लर या जर्मन-ऑस्ट्रियन रचनाकारानं पुढच्या दशकात वर्तमानपत्राची कात्रणं घेतली, त्यात लग्नाच्या जाहिरातीही होत्या. वाट मळलेली आहे, तरी नवे रचनाकार त्याच त्या जागी अडखळतात.

मजकूर विनोदी आहे असं धरून चालणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि सगळ्यात मोहाचीही. मजकूर रुक्ष, गायकी ऑपेराच्या थाटाची. या विसंगतीला श्रोते हसतात, रचनाकार खूश होतो. पण हा हशा पहिल्या अर्ध्या मिनिटात ओसरतो आणि रचना पुढे सहा मिनिटं चालायची असते. त्या सहा मिनिटांत ऐकवण्यासारखं तुमच्याकडे काय आहे?

मियोच्या गाण्यांनाही समीक्षकांनी थट्टाच समजलं होतं. त्याला मात्र ती यंत्रं मनापासून देखणी वाटली होती, आणि लोकांना खिजवण्यासाठी कुणी इतके कष्ट कशाला घेईल, असं त्यानं आत्मचरित्रात वैतागून लिहिलं.

दुसरं टोकही तितकंच वाईट: साध्या वाक्याखाली व्हायोलिनं रडवायची. पोलिश रचनाकार गोरेत्स्कीच्या तिसऱ्या सिंफनीचा (१९७६) दुसरा भाग ऐका. पोलंडमधल्या झाकोपाने इथल्या गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या कोठडीत अठरा वर्षांच्या एका मुलीनं भिंतीवर आईला उद्देशून कोरलेल्या चार ओळी, एवढाच त्याचा मजकूर. इथे भावना ओतायला भरपूर वाव होता. गोरेत्स्कीनं संथ, मोजके स्वरसमूह ठेवले आणि सुरावट पायरीपायरीनं वर नेली. मजकूर जितका जड, तितका संगीताचा हात हलका.

उपाय म्हणून सुरांना हात लावण्याआधी एक प्रश्न कागदावर लिहून काढा: हे वाक्य कोण, कुणाला, कशाच्या धास्तीनं सांगतंय? ‘लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये’ या ओळीमागे कुणालातरी खरोखरची भीती वाटलेली आहे. ती सापडली की विनोद शोधावा लागत नाही, आणि करुण रसही बाहेरून आणावा लागत नाही.

सगळाच मजकूर गायला लावणं

बोलताना एका मिनिटात संपणारा उतारा गाताना सहज दोन-तीन मिनिटं घेतो, मध्ये वाद्यांना जागा दिली तर आणखी. पानभर मजकूर घेऊन बसलात तर सगळा वेळ शब्द उरकण्यातच जाईल. अमेरिकन रचनाकार बर्नस्टाइननं १९४७ मध्ये एका फ्रेंच पाकपुस्तकातल्या चार कृतींना चाली लावल्या. चारही मिळून पाचेक मिनिटांत आटोपतात. तिथे घाईच संगीताचा विषय झाली आहे.

मोठा मजकूर हवाच असेल तर तो गायलाच पाहिजे असंही नाही. झेव्स्की या अमेरिकन रचनाकाराच्या ‘कमिंग टुगेदर’मध्ये तिथल्याच अ‍ॅटिका तुरुंगातल्या सॅम मेलव्हिल या कैद्याच्या पत्रातला एकच परिच्छेद आहे. तो न थांबणाऱ्या जलद बेसवर, म्हणजे खालच्या सुरांच्या धाग्यावर, बोलला जातो. वाक्यं एकेक करून साठत जातात, मग गळत जातात.

बोलण्याची चाल मोडणं

चेक रचनाकार यानाचेक लोकांच्या बोलण्याचे चढउतार वहीत सुरांत टिपून ठेवायचा. ती सवय इथे फार कामाची. तुमचा मजकूर तीन-चार जणांकडून मोठ्यानं वाचून घ्या, रेकॉर्ड करा, जोर कुठे येतो आणि श्वास कुठे तुटतो ते टिपा. मगच मात्रा ठरवा.

मराठी मजकुरात एक खास खड्डा आहे. ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’ ही ओळ घ्या. बोलताना ‘थंड’ झटकन मिटतो. लांब सुरावर तो आला की गायक नकळत शेवटचा ‘अ’ उघडतो आणि ‘थंडाऽऽ’ ऐकू येतं. सूर ‘थ’च्या ‘अ’वर धरायचा, ‘ंड’ अगदी शेवटी मिटवायचा, आणि हे स्कोअरमध्ये (रचनेच्या लिखित स्वरलिपीत) स्वराखाली स्पष्ट लिहायचं. ‘ठेवावे’ मात्र तिन्ही अक्षरांनी दीर्घ आहे, म्हणून लांबवायला उत्तम. ‘कोरड्या’तल्या ‘ड्या’वर तान घेऊ नका, जोडाक्षर दोनदा उच्चारल्यासारखं वाटतं आणि ओळ लंगडते.

महत्त्वाचा शब्द उंच सुरावर ठेवणं

‘शब्द कळत नाहीत’ म्हणून गायिकेला दोष देण्याआधी स्कोअर तपासा. ‘ई’ आणि ‘ऊ’ या स्वरांची ओळख पटवणारा पहिला अनुनाद (गळा-तोंडाच्या पोकळीत जोरकस होणारी कंपनं) साधारण ३०० हर्ट्झच्या आसपास असतो. सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच पट्टीची गायिका, ८८० हर्ट्झवर गात असेल तेव्हा मूळ सूरच त्याच्या कितीतरी वर गेलेला असतो, आणि सगळे स्वर ‘आ’कडे झुकतात. यात तिचा इलाज नाही. कवितेत श्रोता एखादा शब्द अंदाजानं भरून काढतो. सूचनेत, यादीत, आकड्यात तसा अंदाज बांधता येत नाही. माहिती मधल्या सप्तकात सांगा. वरचे सूर आधी एकदा नीट ऐकू आलेल्या शब्दाच्या पुनरुक्तीसाठी राखून ठेवा.

भाषा सुधारणं

‘ठेवावे’चं ‘ठेवावं’ करायचं नाही. शुद्धलेखनाच्या चुका, क्रमांक, कंस, ‘इ.’, सगळं आहे तसं ठेवून पाहा. क्रमांक गाऊन घेतले तर अनेकदा आयताच ठेका मिळतो.

परवानगीचा विचार शेवटी करणं

सापडलेला मजकूर म्हणजे बेवारस मजकूर नव्हे. पत्र तुमच्या हातात असलं तरी त्याचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो. मुदत देशागणिक बदलते: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, युरोपातल्या बहुतेक देशांत ७०. कुणाची ऑनलाइन पोस्ट घेतली असेल तर नाव गाळून भागत नाही, कारण ओळ जशीच्या तशी शोधखिडकीत टाकली की लिहिणारा सापडतो. त्यात आजार, भांडण, शोक असेल तर कायद्याची मुभा असली तरी आधी विचारावं, असं माझं मत आहे. आणि विचारायचं ते पहिला सूर लिहिण्याआधी. तालमी सुरू झाल्यावर आलेल्या नकारानं गायक, वादक, आयोजक असे सगळेच अडकतात, आणि तयार सुरावटीत ऐनवेळी दुसरे शब्द कोंबायची वेळ येते.