इंग्रजी शब्दाचं मूळ शोधताना

नागपूर म्हणजे ऑरेंज सिटी, तेव्हा सुरुवात याच शब्दापासून करा. कोशातली नोंद मागे मागे वाचत जा: इंग्रजीआधी जुनी फ्रेंच, त्याआधी अरबी 'नारंज', फारसी 'नारंग' आणि मुळाशी संस्कृत 'नारंग'. सुरुवातीचा 'न' युरोपात गळला, कारण तो आधीच्या उपपदाचाच भाग वाटू लागला. 'एप्रन'चंही तेच झालं: मूळचं 'अ नेप्रन' बोलता बोलता 'अ‍ॅन एप्रन' झालं. ऑरेंज हे नाव आधी फळाचं. इंग्रजीत रंगाला ते १६व्या शतकात मिळालं.

मग तारीख पाहा. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात प्रत्येक अर्थाचा सापडलेला सर्वांत जुना वापर सालासकट देतात. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या व्युत्पत्त्या इथेच आपटतात. 'न्यूज' म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं, हे साफ चूक. 'न्यू'चं ते अनेकवचन. आद्याक्षरांतून शब्द घडवण्याची रीत २०व्या शतकाआधी जवळपास नव्हतीच.

भारतातून गेलेल्या शब्दांसाठी १८८६चा 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश उघडा, पण तिथेच थांबू नका. 'मंगूस'ला तो तेलुगू धरतो. नंतरचे कोश मराठी 'मुंगूस'कडे बोट दाखवतात. 'गूस' म्हणजे हंसाशी त्याचा संबंध नाही, म्हणून अनेकवचन 'मंगूसेस', 'मंगीस' नव्हे.

सगळ्यात जास्त फसवतं ते उच्चाराचं साम्य. 'बदनाम'मधला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा अर्थही एकच, तरी नातं काहीच नाही.