सोनाराकडे गिन्नी मोडाच्या आधी हे वाचा

युरोपची जुनी सोन्याची नाणी जमवाले लंडनले जा लागत नाही बावा, पहिले आजीची पेटी उघडा. आमच्या आजीच्या माळेत सहा पुतळ्या होत्या, ती त्याले राम-सीता समजून हळद-कुंकू लावे, अन काकानं ताईच्या लग्नात त्या आटवून बांगड्या केल्या, कोणी पाह्यलंच नाही की त्यावर काय लिहिलंय. अस्सल पुतळी म्हणजे व्हेनिसचं डुकाट, 1284 ते 1797 पर्यंत निघालं, साडेतीन ग्रॅम, जवळपास चोख सोनं. ते राम-सीता नाही, उभा संत मार्क अन गुडघे टेकलेला तिथला डोज म्हणजे प्रमुख. डोजचं नाव नाण्यावरच असते, त्यावरून काळ लागते. अक्षरं वाकडीतिकडी, अर्थच लागत नसन तर ती इकडंच केलेली नक्कल, सोनं खरं असू शकते पण भाव वेगळा.

गिन्नी म्हणतो ते बहुतेक इंग्लंडचं सॉव्हरिन, 22 कॅरेट, 7.98 ग्रॅम. घोडेस्वार अन ड्रॅगनच्या बाजूनं भिंग लावा, सालाच्या वर घोड्याखालच्या जमिनीवर बारीक इंग्रजी अक्षर दिसते का पाहा, नाणं कोणत्या टाकसाळीत पाडलं ते त्यावरून कळते. I (आय) असन अन साल 1918 असन तर ते मुंबईत पाडलेलं. 1917 चं अक्षर असलेलं सहज भेटते, बिनाअक्षराचं म्हणजे लंडनचं दुर्मिळ, म्हणून अक्षर घासून काढलंय का तेही तपासा. बाकी बहुतेक गिन्न्या सोन्याच्या भावाच्या आसपासच घ्या, दुकानदार 'रेअर आहे' म्हणला की लगेच खिसा मोकळा करू नोका.

खरं-खोटं घरी पाहाचं तर 0.01 ग्रॅमचा छोटा काटा घ्या, पाण्याचा ग्लास ठेवून शून्य करा, नाणं दोऱ्यानं पाण्यात लटकवा पण बुडाले टेकू देऊ नोका, जो आकडा येईल त्यानं नाण्याच्या वजनाले भागा, गिन्नीचं उत्तर साडेसतराच्या जवळ याले पाह्यजे. कडी डाखलेली असन तर हा हिशोब चुकते, अन कडीवालं नाणं संग्राहक कमी भावातच घेते.

चिंच-राखुंडीनं घासाचं तर नावच काढू नोका, चमक येते पण नाणं मेलं. हळद-कुंकू कोमट पाण्यात भिजवून हळूच निघू द्या.

अन हो, शेतात नांगरताना हंडा लागला तर गुपचूप ठेवू नोका, 1878 चा कायदा आहे, कलेक्टरले कळवा लागते. शंभर वर्षांच्या वरचं नाणं परवानगीबिगर देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून अमेरिकेतल्या भाच्याले भेट द्याची असन तर चांदीची वाटी द्या.