भांगातली पांढरी रेघ : घाईत या चुका टाळा

गणपती जवळ आले की पार्लरचा फोन थांबत नाही. "ताई, रंग लावून तीनच आठवडे झाले, भांगात पांढरं दिसायला लागलं!" अहो, केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटीमीटर वाढतात, मग रेघ दिसणारच, त्यात रंगाचा दोष नाही. वाट लागते ती त्यानंतर घरी घाईत जे काय केलं जातं त्याने.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पॅच टेस्ट, म्हणजे रंग आधी थेंबभर कातडीवर लावून बघणं, न करणं. "मी दहा वर्षं हाच लावते, मला काही होत नाही" हे ऐकलं की माझ्या पोटात गोळाच येतो. काळा रंग देणाऱ्या बऱ्याच डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं, काळ्या मेंदीच्या पुष्कळ पाकिटांतसुद्धा असतं, कारण नुसत्या मेंदीने केस काळे होतच नाहीत, केशरी-तांबूस होतात. आणि याची ॲलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यावरही अचानक उठते. आमच्या वाडीतल्या एका वयनीने हरतालिकेच्या आदल्या रात्री काळी मेंदी लावली, मुंबईहून दीर-जावा येणार म्हणून. दुसऱ्या दिवशी कपाळाला खाज, तिला वाटलं घामोळं, खोबरेल चोळून झोपली. चतुर्थीला सकाळी डोळे सुजून बंद, कानामागून पाणी गळतंय, घरात गणपती बसले आणि ही तालुक्याला डॉक्टरकडे. मोदक जावेने वळले. मला अजून वाईट वाटतं, कारण पाकीट घेताना तिने मला विचारलेलं आणि मी गर्दीत टेस्टचं सांगायला विसरले.

म्हणून आता प्रत्येकीला सांगते, ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघा, दर वेळी. खाज आली, लाल झालं तर तो रंग परत डोक्याला लावायचा नाही.

दुसरी चूक, मुळांचा रंग दर वेळी टोकापर्यंत ओढायचा. टोकांवर आधीचा रंग असतोच, त्यावर थरावर थर चढून ती डांबरासारखी काळी होतात आणि सुंभासारखी कोरडी, मग म्हणतात केस तुटतात. मी बारीक शेंडीच्या कंगव्याने बोटाच्या पेरापेक्षा पातळ भाग पाडते आणि ब्रशने फक्त पांढऱ्यावर लावते, आधी कानशिलं आणि कपाळाकडची ओळ, तिथले केस हट्टी असतात. आणि पाकिटावर लिहिलाय तेवढा वेळ थांबायचंच, मध्येच मासेवाली आली म्हणून डोकं धुवून मोकळं व्हायचं नाही, पांढरा केस रंग उशिरा धरतो.

पांढरा केस उपटू नका. त्याने आजूबाजूला पांढरे वाढत नाहीत हे खरं, पण सारखं उपटून मूळ दुखावतं आणि तिथे विरळ होतं.

पांढरी मुळं तात्पुरती झाकायची टच-अप स्टिक आपल्या दमट हवेत घामाबरोबर कपाळावर उतरते, मला त्यासाठीची रंगीत पावडर बरी वाटते, केस पूर्ण सुकल्यावर ब्रशने थोपटायची, आणि साडी नेसायच्या आधी.

उन्हाने रंग उडतो, बाजारात जाताना छत्री घ्या.

सणासाठी करायचं असेल तर आठवडाभर आधी करा, टेस्ट त्याच्याही आधी. आठवड्यात जेमतेम ३ मिलीमीटर पांढरं येतं, भांग जरा वाकडा पाडला, वर अबोलीचा वळेसर माळला की कोणाची नजरही जात नाही.