लेगो ठोकळ्यांचं ‘खेकडा’ इंजिन बनवताय? या चुका टाळा

खोकं फोडलं की पोरं आधी पँटोग्राफ, म्हणजे वरच्या तारेला टेकणारा सांगाडा, लावतात. रात्री मला फोन: “दादा, इंजिन अडकते.” अडकणारच नं भाऊ!

खेकडा म्हणजे पूर्वी १५०० व्होल्ट डीसीवर बोरघाट चढायचं ते डब्ल्यूसीजी-१ इंजिन. मधे केबिन, दोन्हीकडे लांब नाकं, चाकांना साइड रॉड, म्हणजे चाकं एकमेकांना जोडणारे बाजूचे दांडे. नागपूरच्या अजनी शेडमधल्या इंजिनांना रॉड नसतात, म्हणून आपल्याकडच्या पोरांना रॉडची गोम माहीतच नसते.

मलाही नव्हती. एका वर्षी घरच्या महालक्ष्म्यांसमोर रूळ मांडून खेकडा सोडला. घाईत डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे क्रँक (चाकावर रॉड जिथे अडकतो ती खुंटी) एकाच दिशेला बसवले होते, दिसायला सारखं दिसावं म्हणून. अर्धी फेरी झाली नाही तर भाची म्हणाली, “मामा, हा लंगडतो.” पुढच्या क्षणी मोटर घुरघुरत जागेवर. दोन्हीकडचे रॉड एकदमच सरळ रेषेत आले, की मोटरचं चाक पुढे जातं आणि रॉडवर चालणारं चाक उलटंही फिरू शकतं. मग सगळंच आवळतं. पाहुणे पुरणपोळी खात होते, मी पाटाखाली डोकं घालून चाकं उपसत होतो.

एका बाजूचा क्रँक दुसऱ्यापेक्षा पाव फेरी पुढे हवा, म्हणजे ९० अंश, आणि बोगीच्या, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्याच्या, तिन्ही अ‍ॅक्सलवर तस्साच. लेगोच्या चाकाला अधिक-चिन्हाचं भोक असतं, त्यामुळे पाव फेरी आपोआप नेमकी बसते. मी क्रँकच्या जागी बायकोच्या नेलपेंटचा ठिपका देतो. मग मोटर न लावता रूळ पाटावर ठेवून पाट तिरका करतो. बोगी आपल्या वजनानं घरंगळली नाही तर मोटरला हात लावत नाही. पोरांना ही दोन मिनिटं जड जातात, रात्रभर खोलाखोली चालते.

नाकं केबिनला पक्की करू नका, बोगीवर बसवा. लेगोच्या वळणाची त्रिज्या ४० स्टड (स्टड म्हणजे ठोकळ्यावरचा गोल उंचवटा), जेमतेम ३२ सेंमी. पक्कं नाक तिथे चाक रुळाबाहेर काढतंच. सांध्यावरून जाणारी वायरही थोडी ढिली सोडा.

रुंदी ८ स्टड ठेवा. ६ स्टडचं ब्रॉडगेज इंजिन उपाशी दिसतं.

खोबरेल तेल घालू नका. घातलेलं पाहिलंय, धूळ खाऊन चिकट झालेलं.

हबमध्ये, म्हणजे सेलच्या डबीत, सहा रिचार्जेबल सेल टाकले तर साध्या सेलच्या ९ ऐवजी ७.२ व्होल्ट मिळतात. गाडी जरा हळू चालेल, त्यासाठी मोटर बदलायला पळू नका.