सायकल ट्रॅक काढायला निघालेत? आधी नस्ती मागा

2025 मध्ये मुंबईत एमएमआरडीए या विकास प्राधिकरणाने वांद्रे-कुर्ला संकुलातले सायकल ट्रॅक काढून ती जागा गाड्यांना द्यायचं ठरवलं. कारण नेहमीचंच, वाहतूक कोंडी. तुमच्या शहरात असा बेत शिजत असेल तर सह्या गोळा करा, रविवारी फेरी काढा, पण तेवढ्यावर विसंबू नका. निवेदनावर पोचेचा शिक्का बसतो आणि ते गठ्ठ्यात जातं. निर्णय कशाच्या आधारे झाला, ते कागद, म्हणजे नस्ती (त्या प्रस्तावाची सरकारी फाइल), हातात हवेत.

1. ट्रॅकचे फोटो काढा, सकाळी शाळेच्या वेळचेही. निविदा निघाली का, ते महाटेंडर्स या सरकारी निविदांच्या संकेतस्थळावर बघा.

2. माहिती अधिकाराचा अर्ज करा. बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. "ट्रॅक का काढताय?" असं चुकूनही विचारू नका. माझ्या पहिल्या अर्जाला "प्रश्नार्थक माहिती देता येत नाही" एवढंच उत्तर आलं, आणि ते कायद्याला धरून होतं. 'का'चं उत्तर देणं जनमाहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 मध्येच सांगितलंय.

म्हणून कागद मागा, नावानिशी: "अमुक चौक ते तमुक चौक सायकल ट्रॅक काढण्याच्या प्रस्तावाची नस्ती, टिपणीसह, त्याआधीची वाहनगणना व सायकलगणना, वाहतूक पोलिसांचा अभिप्राय, अंदाजपत्रक." 'टिपणीसह' हा शब्द गाळलात तर नुसता पत्रव्यवहार हाती येतो. टिपणीच्या पानांवर प्रत्येक अधिकाऱ्याचा शेरा आणि सही असते; खालच्या अभियंत्याने हरकत घेतली असेल तर ती तिथंच सापडते.

शेवटी लिहा: "गणना झाली नसल्यास तसे लेखी कळवावे." कोंडीचं कारण पुढे करणाऱ्यांनी सायकली मोजल्याच नाहीत, हे त्यांच्याच सहीनिशी मिळालं तर त्याहून मोठा पुरावा नाही.

महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो. पर्यावरण, संताप, प्रस्तावना सगळं कापा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा.

3. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, ठेकेदार तेवढा थांबत नाही. त्याच अर्जात नस्तीची प्रत्यक्ष पाहणीही मागा.

4. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर 30 दिवसांत पहिलं अपील.

5. कागद मिळाले की आयुक्त, नगरसेवक आणि वार्ताहर यांना एकाच दिवशी द्या. वकिलाला मात्र त्याआधी दाखवा. कॅनडात टोरांटो शहरातल्या ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी रस्त्यांवरच्या सायकल मार्गिका काढायचा कायदा तिथल्या ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारने 2024 मध्ये केला. जुलै 2025 मध्ये न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. मार्गिका काढून कोंडी कमी होणार नाही, हा सरकारला मिळालेला सल्लाच तिथं सरकारविरुद्ध पुरावा ठरला. सरकार पुढे अपिलात गेलं. तुमच्याकडचा असा सल्ला टिपणीतच असेल. त्या पानाची प्रमाणित प्रत घ्या, साधी झेरॉक्स नको.