जुनी ब्रॉडहेड्स जमवताय? मी केलेल्या या चुका टाळा

मिशिगनमध्ये शनिवारी सकाळी गराज सेल हिंडताना कधीतरी एखादा जुना कॉफीचा डबा हाती लागतो. आत गंजके खिळे, वॉशर, मासे धरायचे गळ आणि तळाशी बाणाची तीन-चार टोकं. शिकारीच्या बाणाला लावायचं रुंद, धारदार टोक म्हणजे ब्रॉडहेड. धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणाऱ्यांसाठी अमेरिकेत लहानमोठ्या अनेक कारखान्यांनी ती काढली आणि आता ती जमवणाऱ्यांची एक वेगळीच जमात आहे. मी त्यातलाच. आईने व्हिडिओ कॉलवर माझा ट्रे पहिल्यांदा पाहिला तेव्हा विचारलं होतं, "एवढी खुरपी कशाला रे आणलीस?"

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पात्याच्या आकारावरून नाव ठरवणं. जुन्या कॅटलॉगातलं चित्र शेजारी ठेवायचं, आकार जुळला की चिठ्ठी चिकटवायची, असं मी वर्षभर केलं. माझ्याकडे एक लांबट, निमुळतं टोक होतं. नामांकित अमेरिकन धनुर्धर हॉवर्ड हिलच्या ब्रॉडहेडची खूण अशी की लांबी रुंदीच्या तिप्पट असते. मी मोजलं, प्रमाण तिपटीच्या जवळ आलं, खूश झालो. पुढे भिंगाखाली धरलं तेव्हा पात्यातलं भोक एका कडेपासून ४ मिमी आणि दुसऱ्या कडेपासून जेमतेम अडीच मिमी. कारखाना असं भोक पाडत नाही. कुणीतरी दर हंगामात कानस मारून मारून मूळचं रुंद पातं झिजवलं होतं, आणि उजवा हात जोरात चालणारा माणूस असावा, एक बाजू जास्तच खाल्ली होती.

म्हणून आता मी आधी मागची नळी पाहतो, बाणाच्या दांडीवर बसते ती. इकडे तिला फेरुल म्हणतात. तिला कानस लागत नाही. ती पत्रा वळवून केली आहे की सळई कातून? पत्र्याची असेल तर सांधा कुठे येतो? पातं तिला रिव्हेटने धरलंय, झाळलंय की स्पॉट वेल्डिंगचे ठिपके आहेत, आणि ठिपके किती? तोंडाचा व्यासही कॅलिपरने घ्या. लाकडी दांड्या ५/१६, ११/३२ आणि २३/६४ इंचांच्या मिळत. एवढं वहीत उतरवल्यावरच कॅटलॉग उघडावा.

बेअर ही धनुष्यबाणांची कंपनी काढणाऱ्या फ्रेड बेअर यांचं रेझरहेड नावाचं ब्रॉडहेड १९५६ मध्ये आलं. ते भरपूर विकलं गेलं, त्यामुळे प्रत्येक डब्यात निघतं आणि तरीही लोक ते चुकीचं ओळखतात. मुख्य पात्याला आडवी अशी एक पातळ, काढता-घालता येणारी पट्टी त्यात बसायची. ती हरवली की टोक साधं दुपाती दिसतं. नळीला आडवी फट दिसली तर समजा, पट्टी गेलेली आहे. अशा टोकाला पूर्ण टोकाचा भाव देऊ नका.

टोकाच्या बुडाशी दांडीत फिरवून बसवायचा स्क्रू दिसला की "हे नवं" म्हणून बाजूला टाकणं ही उलटी चूक. स्क्रूची पद्धत १९७० च्या दशकात रुळली हे खरं, पण जुन्या, डिंकाने बसवायच्या टोकात नंतर स्क्रूचा जोड चिकटवलेला असतो. नळीच्या काठाशी डिंकाची रेघ दिसते. तसंच झ्विकीसारख्या कंपन्यांनी तेच नमुने दशकानुदशकं काढले, तेव्हा नमुना जुना म्हणजे वस्तू जुनी असं नाही.

काळ ठरवायला पाकीट हाताशी असेल तर निम्मं काम झालं. पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर ते १९६३ नंतरचं. बारकोड असेल तर १९७४ नंतरचं. बेअर कंपनी १९७८ मध्ये मिशिगनच्या ग्रेलिंगहून फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला गेली, म्हणजे पाकिटावरचं गावही बोलतं. फाटकं पुठ्ठ्याचं पाकीट फेकून नुसतं टोक ठेवणारे लोक मी पाहिलेत. मला ते बघवत नाही.

वजन ग्रेनमध्ये सांगतात. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही, आपला ब्रिटिशकालीन तोळा बरोबर १८० ग्रेनचा. सोनाराच्या काट्यासारखा ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा घ्या; १२५ ग्रेन म्हणजे ८.१ ग्रॅम. झिजलेलं टोक हलकं भरणारच, त्यामुळे वजन हा दुय्यम पुरावा.

साफसफाईत माझ्या हातून एक पाप घडलंय. ड्रिलला तारेचा ब्रश लावून गंज उडवला; टोक स्टीलच्या चमच्यासारखं लखलखलं आणि त्यावर पुसट काहीतरी ठोकलेलं होतं तेही गेलं. आता आधी टॉर्च तिरका धरून अक्षरं शोधतो, मग शिलाई मशीनचं तेल, दोन दिवस थांबणं आणि सगळ्यात बारीक स्टील वुल. काळपट थर राहू द्यावा. दांडीवरून टोक उतरवायला गॅसवर धरू नका. सुमारे ३०० अंश सेल्सिअसला पोलाद निळं पडतं आणि त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. हॉट मेल्ट डिंक असेल तर उकळतं पाणी पुष्कळदा पुरतं. मुळात उतरवायचंच कशाला? दांडीवरचे रंगीत पट्टे आणि पिसं हाही पुरावाच आहे.

डब्यात पितळी, बोथट टोक निघालं तर मागे वळवून पाहा. ससे-खारींसाठी लोक ३८ स्पेशलच्या रिकाम्या काडतुसाचं टोपण दांडीवर चढवत. बुडावरची अक्षरं काडतुसाच्या कंपनीची असतात, बाणाच्या नव्हे. मी एकदा त्यावरून तासभर "उत्पादक" शोधला होता.

"मध्ययुगीन इंग्लिश" म्हणून विकल्या जाणाऱ्या टोकांपासून जपून. जुन्या लढायांचे खेळ करणाऱ्यांसाठी अशी शस्त्रं बनवण्याचा मोठा धंदा आपल्या देहरादूनमध्येच आहे. माल वाईट नसतो, फक्त सहाशे वर्षांचा नसतो. आणि दगडी टोकं हा वेगळाच विषय आहे. सरकारी जमिनीवरून ती उचलण्याआधी १९७९ चा पुरातत्त्व कायदा वाचा.

फळीवर गरम डिंकाने चिकटवून शोभेला लावू नका, नळीच झाकली जाते. चामड्याच्या म्यानातही वर्षानुवर्षं ठेवू नका, गंज तिथूनच सुरू होतो. भारतात येताना नेत असाल तर केबिनच्या बॅगेत चालत नाही. चेक-इनच्या बॅगेत, प्रत्येक टोक जाड पुठ्ठ्यात खोचून वर टेप. बॅग उघडणाऱ्याच्या बोटाला धार लागता कामा नये, आणि जुनी रेझरहेड्स अजूनही कापतात.